कापसाला खोली द्या, कॅसेटींना माजघर

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला महत्त्वाचा भाग देते.

"ताई, नमस्कार. आमची कोरडवाहू शेती. कपाशी, तूर, सोयाबीन. माझे काका ऐंशी-नव्वदच्या काळात गावोगावी व्हिडिओ भाड्यानं द्यायचे. पोळा, गणपती, लग्न, बारसं, कुठंही बोलावणं आलं की टीव्ही अन् व्हीसीआर घेऊन निघायचे. रात्रभर तीन-तीन पिक्चर. पिक्चरचं वेड मले त्याहीच्यामुळंच लागलं. मी स्वतःही डीव्हीडी जमवतो. रामसे बंधूंचे भयपट, दादा कोंडके, प्रभातचे जुने सिनेमे, जे हाती लागल ते. काका मागच्या वर्षी वारले. टिनाच्या खोलीत त्यांच्या तीन-चारशे व्हीएचएस कॅसेटी निघाल्या, काहींवर कव्हर आहे, काहींवर फक्त पेनानं नाव आणि तारीख. तीन पोती व्हीसीडी-डीव्हीडी, बंद पडलेला व्हीसीआर, भाड्याच्या हिशोबाच्या वह्या, आणि दोन गोल टिनाचे डबे. डब्यात रीळ आहे, आंबूस वास येतो. घरची म्हणते, 'कापूस ठेवाले जागा नाई अन् तुमचे हे डबे कायले पाह्यजेत?' भंगारवाला किलोच्या भावानं मागून राह्यला. आजकाल सारं मोबाइलवर दिसते. मी येडा आहो का? ठेवायचं तर काय ठेवू, कसं ठेवू, अन् पुढं काय घेऊ?"

भाऊ, येडे नाही तुम्ही. भंगारवाल्याला महिनाभर थांबवा. पण वहिनींचं म्हणणंही खरं आहे. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवावा लागतो आणि त्या खोलीवर तुमच्या वर्षाची मिळकत उभी आहे, तेव्हा खोली कापसाची. कॅसेटी तिथून हलवायच्याच आहेत, कारण ती खोली कॅसेटींनाही मानवत नाही.

त्याआधी ते दोन गोल डबे, आणि हे काम आजच करा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिनेमाची बरीचशी रिळं नायट्रेटची असायची. सेल्युलोज नायट्रेट कापसाच्या तंतूपासूनच बनतं आणि ते भयंकर पेट घेतं. एकदा पेटलं की पाण्यानंही सहज विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन त्या पदार्थातच असतो. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या प्रती गेल्या त्या अशाच. तुमच्या डब्यांतून आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो, त्यावरून ती रिळं नंतरच्या काळातली ॲसिटेटची असावीत असा माझा अंदाज आहे. ॲसिटेट सडायला लागलं की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, तोच हा वास. पण अंदाजावर कापसाच्या गंजीशेजारी डबा ठेवू नका. दिवसाच्या उजेडात, विडी-काडीपासून लांब, झाकण उघडा आणि पट्टीची कड पाहा. इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं दिसलं तर ती नायट्रेट नाही. दिसलं नाही, तर डबा घरात न ठेवता वेगळ्या, सावलीच्या, मोकळ्या जागी ठेवा. दोन्ही प्रकारांत झाकण करकचून लावू नका, वाफ आत कोंडली की सडणं वाढतं. रीळ उलगडू नका आणि कुणी हौशी माणूस प्रोजेक्टर घेऊन आला तरी त्याच्यावर चढवू देऊ नका, आकसलेली फिल्म दात्यांवर फाटते. डब्यावरचं नाव, रिळाचा क्रमांक, सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर काही लिहिलं असेल तर तेही, यांचे फोटो काढून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. १९६४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. रीळ एखाद्या साध्या जाहिरातपटाचंही निघेल. पण देशाचा पहिला बोलपट, १९३१चा 'आलम आरा', याची एकही प्रत आज कुठे सापडत नाही, हे लक्षात घेतलं तर दोन डब्यांसाठी एक पत्र लिहिण्याचा त्रास काहीच नाही.

आता कॅसेटी. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्या-अमरावतीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. टिनाखाली त्याहून किती जास्त, हे त्या खोलीत दुपारी एकदा उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही. व्हीएचएस म्हणजे पोलिएस्टरची पातळ पट्टी, तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर आणि ती भुकटी पट्टीवर धरून ठेवणारं रसायन. उन्हाळ्यात पट्टी ताणली जाते, कडा वाकतात. पावसाळ्यात ते रसायन ओल धरतं, पट्टी चिकट होते आणि बुरशी येते. वरून कापसाचा बारीक तंतू झडपेतून आत शिरतो आणि व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागावर, जाऊन बसतो. उंदरांचं तर बोलायलाच नको.

घरातली सगळ्यात आतली, बाहेरच्या भिंतीला न लागलेली जागा निवडा. जुनं मातीच्या भिंतींचं घर असेल तर माजघरातलं भिंतीतलं कपाट सगळ्यात चांगलं, तिथे उन्हाळा-पावसाळ्यात फार फरक पडत नाही. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर तरी वर असावा. कॅसेटी उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका, आणि प्रत्येकीची पट्टी पूर्ण एका बाजूला गुंडाळलेली असू द्या. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर किंवा मोठे स्पीकर शेजारी नकोत, चुंबकीय क्षेत्र पट्टीवरचं पुसतं. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकला मऊ करते. आणि आपल्या भागापुरती एक गोष्ट, जी परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही: ज्या खोलीत कूलर चालतो तिथे कॅसेटी आणि डिस्क ठेवू नका. चार महिने ती ओली हवा कपाटात भरत राहते आणि बुरशीला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

एका कपाटात तीन-चारशे कॅसेटी मावणार नाहीत. मावू नयेतच. निवडावं लागेल, आणि तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं. पेरणीआधी बियाणं निवडताना हात जसा फिरतो तसा फिरवा, घाई नको आणि दयामायाही नको.

निवडताना एकच कसोटी लावा: हे दुसरीकडे कुठे मिळेल का? या कसोटीवर सर्वांत वर कुठल्या कॅसेटी येतील ठाऊक आहे? ज्यांच्यावर कव्हर नाही, फक्त पेनानं नाव आणि तारीख आहे, त्या. व्हिडिओ भाड्यानं देणारा माणूस पुढे कॅमेराही घ्यायचा, हे त्या काळी सगळीकडे घडलं. त्या तारखा लग्नांच्या असतील, भजनी मंडळांच्या, शंकरपटाच्या, एखाद्या दंडारीच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या. तुम्ही रामसे, कोंडके, प्रभातच्या सिनेमांचं लिहिलंत आणि मी लग्नाच्या कॅसेटीचं सांगते आहे, हे उगाच नाही. प्रसिद्ध सिनेमाच्या प्रती हजारो घरांत आहेत. तुमच्या गावातल्या १९९२ सालच्या वरातीची प्रत जगात एकच आहे, आणि ती टिनाखाली तापते आहे. वहिनींच्या माहेरची किंवा तुमच्या आईवडिलांच्या नात्यातली एखादी कॅसेट त्यात निघाली तर तीच पहिली वाचवा.

दुसरा मान दूरदर्शनवरून घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटींचा. मधल्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, बातम्यांचा तुकडा, हे सगळं राहू द्या. त्यातला सिनेमा तुम्हाला दुसरीकडे मिळेल, त्याभोवतीची ती संध्याकाळ नाही मिळणार.

कंपनीच्या छापील कव्हरच्या सिनेमांमध्ये थोडं बारकाईनं पाहावं लागतं, कारण सिनेमा तोच असला तरी प्रत तीच असते असं नाही. 'शोले'चंच घ्या. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. चित्रपटगृहात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, मूळ शेवटात ठाकूरच गब्बरला संपवतो. तो मूळ शेवट लोकांनी पाहिला तो घरगुती व्हिडिओच्या प्रतींतून, आणि दुरुस्त केलेली मूळ लांबीची प्रत मोठ्या पडद्यावर आली थेट २०२५ साली, इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात. म्हणून प्रसिद्ध सिनेमाची जुनी कॅसेट हाती आली की लांबी पाहा, शेवट पाहा, एखादं गाणं जास्त किंवा कमी आहे का ते पाहा. रामसे बंधूंच्या भयपटांत तर हे जास्तच. 'पुराना मंदिर' (१९८४) किंवा 'वीराना' (१९८८) यांसारख्या सिनेमांच्या प्रतींत काटछाट वेगवेगळी सापडू शकते आणि अशा चित्रपटांचे चाहते त्या दोन मिनिटांसाठीच प्रती जमवतात.

बाकीचं सोडा. हॉलमध्ये कॅमेरा लावून काढलेल्या चोरट्या प्रती, एकाच सिनेमाच्या चार-चार कॅसेटी, ज्या सिनेमाची स्वच्छ डीव्हीडी तुमच्याकडेच आहे त्याची घासलेली व्हीएचएस, हे काकांच्या आठवणीसाठी म्हणून ठेवायची गरज नाही. काका धंद्याचे माणूस होते, घासलेली कॅसेट तेही बाजूला काढतच असणार.

आणि त्या वह्या! भाऊ, त्या टिनाच्या खोलीतून काढून आजच कपाटात ठेवा. कोणत्या गावात, कोणत्या सणाला, कोणता सिनेमा गेला, भाडं किती घेतलं, उधारी कुणाची राहिली, कोणता सिनेमा लोकांनी पुन्हा पुन्हा मागितला, हे त्यात असणार. मुंबईत सिनेमा किती चालला याचे हिशोब व्यापारी मासिकांत सापडतात. विदर्भ हा धंद्याच्या भाषेत 'सी.पी. बेरार' सर्किटमध्ये येतो आणि अमरावती हे त्या सर्किटमधल्या वितरकांचं गाव, पण वितरकाच्या कचेरीतलं आकडेमोडीचं पुस्तकसुद्धा थिएटरपाशी थांबतं. थिएटर नसलेल्या गावात, एखाद्याच्या अंगणात, सतरंजीवर बसलेल्या लोकांनी काय पाहिलं, हे फक्त तुमच्या काकांसारख्यांच्या वह्यांत उरलं आहे. 'जाने भी दो यारो' (१९८३) थिएटरात फार चालला नव्हता आणि पुढे दूरदर्शन आणि व्हिडिओमुळे लोकांचा लाडका झाला. कल्ट सिनेमा असाच घडतो, पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यातून नाही, पुन्हा पुन्हा मागणाऱ्या माणसांतून. तुमच्या भागात कोणता सिनेमा असा पुन्हा पुन्हा मागितला गेला, याचं उत्तर त्या वहीत आहे. प्रत्येक पानाचा मोबाइलनं सरळ वरून फोटो काढा, मूळ वही कापडात गुंडाळून ठेवा.

व्हीसीआरबद्दल. नवीन व्हीसीआर आता कुठेच बनत नाही. जपानची फुनाई ही शेवटची कंपनी, तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणून काकांचं बंद यंत्र भंगारात तर मुळीच देऊ नका. बहुतेकदा आतले रबरी बेल्ट आणि चाकं सैल झालेली असतात, मोटर आणि हेड शाबूत असतात. अकोला किंवा अमरावतीत साठीच्या पुढचा एखादा टीव्ही मेकॅनिक शोधा, ज्यानं त्या काळी हीच कामं केली. दुरुस्तीनंतर आधी भंगारात जाणारी एखादी कॅसेट घालून दोन तास चालवा. तिची पट्टी सुरकुतली नाही, गुंतली नाही, तरच दुसऱ्या कॅसेटीला हात लावा.

कॅसेट घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून पाहा. पट्टीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट चालवायची नाही. हेडवर गेलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधून वेगळ्या ठेवा आणि हाताळताना नाकाला रुमाल बांधा. त्यांतली एखादी खरंच मोलाची असेल तर ती साफ करून घ्यायला मोठ्या शहरातल्या जाणकाराकडे पाठवावी लागेल, घरी पुसत बसू नका. स्वच्छ कॅसेटसुद्धा इतकी वर्षं पडून असते, तेव्हा आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मग प्ले. कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती मोडून टाका. ती नसली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही.

लाइटचं सांगायलाच हवं. कॅसेट चालू असताना लाइट गेली की पट्टी हेडच्या ड्रमभोवती गुंडाळलेली राहते. ती ओढून काढू नका, लाइट येईपर्यंत थांबा. जमलं तर प्रत उतरवण्याचं काम यूपीएसवरच करा, गावच्या व्होल्टेजवर जुन्या यंत्राचा भरवसा नको.

उतरवणं तसं अवघड नाही. व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारा एका छोट्या यूएसबी कॅप्चर उपकरणाला लावायच्या, ते लॅपटॉपला. आपल्याकडची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि ७२० बाय ५७६चं चित्र, तेवढंच ठेवा, उगाच मोठं करू नका. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्याला आडवाट नाही. चांगल्या दर्जाची फाइल, सेकंदाला आठ मेगाबिटच्या हिशोबानं, तासाला साडेतीन जीबीच्या आसपास जाते. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर एकमेव प्रत कधीच ठेवू नका. त्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ऊन-उष्णतेनं उडतो.

हेच तुमच्या तीन पोत्यांनाही लागू आहे. डिस्क पालथी करून पाहा. खालची बाजू निळसर, जांभळट किंवा हिरवट असेल तर ती घरी किंवा दुकानात लिहिलेली, चांदीसारखी असेल तर कारखान्यात छापलेली. लिहिलेल्यांत मोलाचं काही असेल तर ते लगेच उतरवून घ्या. छापलेल्या डिस्क उजेडाकडे धरा, टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर आतला ॲल्युमिनियमचा थर गंजतो आहे. व्हीसीडीत हा थर वरच्या, चित्राच्या बाजूला अगदी लगेच असतो, म्हणून वरचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मधोमध असतो, त्यामुळे वरचे किरकोळ ओरखडे ती बऱ्याचदा सोसते. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ, गोल गोल नाही.

तुम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणून मुद्दाम सांगते: विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यानं डिस्क धुवू नका, वाळल्यावर क्षाराचे डाग बसतात. दुकानात बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, त्यातले क्षार काढलेले असतात, तेच वापरा. वर मऊ सुती कापड.

मोबाइलवर सारं दिसतं, या म्हणण्यात अर्धं खरं आहे. गाजलेले बरेच सिनेमे तिथे व्हीएचएसपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात आणि अशा सिनेमाची कॅसेट तुम्ही कव्हरसाठी ठेवत असाल तर ठेवा, बघायला नाही. पण ओटीटीवरचा सिनेमा करार संपला की निघून जातो. व्हिडिओ साइटवर कुणीतरी टाकलेल्या जुन्या मराठी सिनेमात बहुतेकदा गाणं कापलेलं असतं, चित्र वरून-खालून छाटलेलं असतं, कोपऱ्यात मोठा शिक्का असतो. ज्या सिनेमावर जीव आहे त्याची पूर्ण, स्वच्छ प्रत हाताशी असणं यात काही येडेपणा नाही.

पुढं काय घ्यायचं? "हाती लागल ते" हे थांबवा. एक सीमा आखा. मी तुमच्या जागी असते तर वऱ्हाडाशी नातं असलेल्या सिनेमांपासून सुरू केलं असतं, कारण ते दुसरं कुणी जमवत नाही. शेंडगावात, म्हणजे तुमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात जन्मलेल्या गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला' (१९७७), ज्यात डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले आणि दिग्दर्शक होते आपल्याच जिल्ह्यातले राजदत्त. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातली धास्ती वऱ्हाडी बोलीत मांडणारा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). इथून पुढे वाट तुम्हीच काढाल. दुसरी सीमा रामसेंची ठेवा, कारण तिथे तुमचं मन आहे, आणि मन नसलेला संग्रह दोन वर्षांत धूळ खातो.

घेताना व्हीसीडीपेक्षा डीव्हीडी घ्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, फरक डोळ्यांना लगेच दिसतो. एका डिस्कवर तीन सिनेमे असलेल्या डीव्हीडी टाळा. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी, दोन थरांच्या डिस्कमध्ये ८.५ जीबी एवढीच जागा, त्यात तीन सिनेमे कोंबले की अंधाराची दृश्यं चौकोनी ठिगळांची होतात, आणि भयपट म्हणजे अर्धा अंधारच. २००७च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा कितीतरी मराठी सिनेमे पहिल्यांदा गावातल्या जनरल स्टोअरपर्यंत आले. त्यांतल्या बऱ्याच डिस्क आजही रद्दीवाल्यांकडे आणि आठवडी बाजारात पडून असतात. 'दुर्मीळ' म्हणून हजारांत भाव सांगणाऱ्याकडे जाण्याआधी ते ढीग चाळा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं 'सिनेमाज ऑफ इंडिया' नावानं काढलेल्या दुरुस्त प्रतींच्या डीव्हीडी दिसल्या तर मात्र सोडू नका.

परदेशी कल्ट सिनेमांकडे वळणार असाल तर रीजन कोड समजून घ्या. भारत डीव्हीडीसाठी ५ व्या विभागात, अमेरिका १ ल्या, युरोप २ ऱ्या. ब्लू-रेसाठी आपण सी, अमेरिका ए, युरोप बी. अमेरिकेतली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालायची नाही, म्हणून आधी सर्व विभाग चालवणारा प्लेअर, मग डिस्क. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा.

पैशांचं वहिनींशी एकदाच बसून ठरवा. कापूस विकला की अमुक एक रक्कम, वर्षातून एकदा, त्यापलीकडे नाही. आणि जागा एक कपाट. नवं आणलं आणि कपाट भरलं असेल तर जुनं काहीतरी निघेल. हे तुम्हीच आपणहून सांगितलंत तर भांडण निम्मं तिथेच मिटेल.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्यामुळे १९५३च्या 'श्यामची आई'सारख्या सिनेमाचा तो संपला, ऐंशीच्या दशकातल्यांचा अजून आहे. अशा सिनेमाच्या प्रती काढून विकणं, पेनड्राइव्हवर वाटणं, गावात तिकीट लावून किंवा मंडपात दाखवणं, यांतलं काहीही हक्कदाराच्या परवानगीशिवाय करू नका. काकांनी टिपलेल्या लग्नांचं वेगळं. ती ज्यांची आहेत त्या घरांना एक-एक प्रत द्या, पण त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. त्यातली काही माणसं आता नसतील, काही घरं वेगळी झाली असतील.

राहिला भंगारवाला. महिनाभरानं निवड झाली की त्याला जे द्यायचं ते द्या, फक्त त्याआधी चांगल्या स्थितीतल्या दहा-पंधरा कॅसेटींचे खोके बाजूला काढा. व्हीएचएसच्या खोक्याला मागून पाच स्क्रू असतात. तुमच्या ठेवणीतल्या एखाद्या कॅसेटीची झडप मोडली किंवा आतली स्प्रिंग गेली, तर पट्टीची दोन्ही चाकं उचलून या रिकाम्या खोक्यात बसवता येतात. छापील कव्हरंही काढून घ्या, ती रद्दीत जाऊ नयेत. आणि वह्या वाचून झाल्या की कोणता सिनेमा सगळ्यात जास्त वेळा गावोगाव गेला ते मला नक्की कळवा. घरांची नावं वगळून या सदरात छापायला आवडेल.